आधी धूर, मग जोर

१९८० च्या आसपास पंजाब मेलने मुंबईहून भोपाळला जाणारा मुरलेला प्रवासी इटारसीला एक काम न चुकता करी. गार्डाने हिरवा झेंडा दाखवला की तो खिडकीची काच खाली ओढून घेई. इंजिनाचा भोंगा होई, डब्यांच्या जोडण्या ताणल्या गेल्याचा खडखडाट पुढून मागे सरकत जाई आणि त्याच क्षणी चिमणीतून काळ्या धुराचा लोळ उठे. धूर आधी येई, वेग नंतर. दोहोंच्या मध्ये काही सेकंद जात. त्या सेकंदांत इंजिन गुरगुरे, थरथरे, पण गाडी जागच्या जागी विचार करत असल्यासारखी रेंगाळे. मग धुराचा रंग फिका पडे, गुरगुरण्यातून एक बारीक चढती शीळ वेगळी होऊन ऐकू येई आणि गाडी नर्मदेच्या पुलाची वाट धरी.

ही गोष्ट त्या मधल्या सेकंदांची आहे. मोटारगाड्यांच्या जगात त्यांना ‘टर्बो लॅग’ असे आटोपशीर नाव मिळाले. पण पायाखालच्या पेडलला गाडी उशिरा दाद देते, ही तक्रार महाराष्ट्रातल्या मोटारवाल्यांच्या तोंडी येण्याच्या खूप आधी भोपाळ-इटारसीच्या घाटात ड्रायव्हर, फिटर आणि वीजतंत्री त्या सेकंदांशी झगडत होते. त्यांनी काढलेला तोडगा मोटारगाड्यांच्या तोडग्याहून अगदी निराळा होता. त्याचा मोठा भाग टर्बोमध्ये नव्हताच. तो भोपाळच्या पिपलानी-गोविंदपुऱ्याकडच्या एका कारखान्यात तांब्याच्या तारांनी गुंडाळला जात होता.

डिझेल इंजिनाचे सगळे गणित चुलीचे आहे. लाकूड कितीही कोंबा, हवा पुरली नाही तर जाळ होत नाही, धूर होतो. म्हणून घरची बाई फुंकणी हाताशी ठेवते. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फक्त ती फुंकायला कोणी बसलेले नसते. सिलिंडरांतून बाहेर पडणारा तापलेला वायू एका पंख्यावर आदळतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून दाबाने सिलिंडरांत भरतो. जो वायू एरवी चिमणीतून वाया गेला असता, तोच पुढच्या जाळासाठी हवा आणतो. अडचणही इथेच आहे. जाळ मोठा झाल्याशिवाय फुंकणी जोरात फिरत नाही आणि फुंकणी जोरात फिरल्याशिवाय जाळ मोठा होत नाही. ड्रायव्हरने हात पुढे केला की इंधन ताबडतोब वाढते. हवा मात्र पंख्याने वेग घेईपर्यंत मागेच राहते. जळायचे राहिलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते. खिडकी बंद करणाऱ्या प्रवाशाला हे शास्त्र ठाऊक नसे, वेळ मात्र अचूक ठाऊक असे.

ही फुंकणी मूळची स्वित्झर्लंडची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती खरोखर कामाला लागायला आणखी वीस वर्षे गेली. १९२६ मध्ये ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसला आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० ची ताकद देऊ लागले. जहाजावर या उशिराची कोणी दखल घेतली नाही. जहाजाला घाई नसते. बंदरातून निघाल्यावर ते अर्धा तास सावकाश वेग वाढवत राहिले तरी कोणाचे बिघडत नाही. आगगाडीला प्रत्येक स्थानकावर शून्यातून उठावे लागते आणि चढावर तर पदोपदी. जहाजावर दडून राहिलेले दुखणे रुळांवर उघडे पडले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची अ‍ॅल्को कंपनी मुळात वाफेची इंजिने बनवणारी. डिझेलकडे वळल्यावर तिने टर्बोची कास धरली आणि धुराची कीर्तीही पदरात घेतली. तिच्या एका इंजिनमालिकेला अमेरिकन रेल्वेवेडे लोक थट्टेने ‘मानद वाफेचे इंजिन’ म्हणत. भारतीय रेल्वेने मोठ्या डिझेलांसाठी निवडली ती हीच कंपनी. १९६२ पासून तिच्या नव्या जातीची इंजिने भारतात येऊ लागली आणि वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बांधलेले पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बाहेर पडले. डब्ल्यूडीएम-२ हे त्याचे नाव: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हींसाठी, २ म्हणजे या जातीतले दुसरे. १९६९ मध्ये अ‍ॅल्कोने अमेरिकेत इंजिने बनवणे थांबवले. वाराणसीने मात्र या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने बांधली आणि त्याच कुळाच्या सुधारलेल्या पिढ्या एकविसाव्या शतकापर्यंत चालवल्या. माहेर बुडाले, सासरी वंश वाढला.

आकडे पाहिले तर इंजिनाचा बेत कळतो. सोळा सिलिंडर, प्रत्येक नऊ इंच व्यासाचा आणि त्यात साडेदहा इंच वर-खाली होणारा दट्ट्या. म्हणजे एकेका सिलिंडरात सुमारे अकरा लिटर आणि सोळा मिळून पावणेदोनशे लिटरची पोकळी. ताकद २,६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. नुसते उभे असताना मिनिटाला ४०० फेरे, पूर्ण जोरात १,०००. टर्बोचा दांडा मात्र पूर्ण जोरात मिनिटाला पंधरा हजारांहून जास्त फिरायचा. इंजिनाला ४०० वरून १,००० वर जायचे तर वेग अडीचपट. त्याच वेळात टर्बोला कितीतरी मोठी झेप घ्यायची. तो मागे राहणार हे कागदावरच ठरलेले होते.

इटारसीचे डिझेल शेड १९६० च्या दशकातले. तेव्हा ते मध्य रेल्वेत होते. २००३ मध्ये जबलपूरला मुख्यालय असलेली पश्चिम-मध्य रेल्वे झाली तेव्हा तिकडे गेले आणि आज भोपाळ विभागात मोडते. मुंबई, दिल्ली, नागपूर आणि अलाहाबाद अशा चार दिशांचे रूळ इथे एकमेकांना छेदतात. मराठी माणसाला इटारसी परके नाही. भुसावळ, नागपूर आणि इटारसी या तीन जंक्शनांमध्ये बदल्या होत राहणारी मराठी रेल्वे कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पंजाब मेल १९६८ मध्ये झाशीपर्यंत डिझेलवर गेली, तिचे डबे बारावरून पंधरा झाले आणि १९७६ पर्यंत डिझेल थेट फिरोजपूरला पोहोचले. सत्तरचे दशक संपता संपता मुंबई ते भुसावळ विजेवर आले, भुसावळपुढे डिझेल राहिले.

या शेडची पहिली फळी वाफेच्या इंजिनांवर घडलेली होती आणि वाफेचा हात डिझेलला चालत नाही. वाफेच्या इंजिनात ताकद आधीच बॉयलरमध्ये साठवलेली असते. रेग्युलेटर उघडला की ती तत्काळ दट्ट्यावर जाऊन आदळते. उशीर असलाच तर तो फायरमनच्या फावड्याचा, अर्ध्या तासापूर्वीचा. डिझेलमध्ये साठा नाही. जी ताकद हवी ती त्याच क्षणी तयार करावी लागते आणि हवा त्या क्षणाला हजर नसते. पूर्वी हात सैल सोडून गाडी उचलणाऱ्याला आता थ्रॉटलचे आठ नॉच एकेक करून चढवायला शिकावे लागले. पहिला घ्यायचा, अ‍ॅमीटरचा काटा पाहायचा, डबे ताणले गेले का ते अंगाने ओळखायचे, मग दुसरा. घाईने चौथ्यावर गेलेला ड्रायव्हर लपत नसे. त्याची घाई चिमणीवर चढून साऱ्या यार्डाला दिसे.

लॅग कमी करण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय तो हाच: हवा जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने मागायची. सपाट मैदानात हे जमून जाई. बुधनीच्या घाटात मात्र या शहाणपणाची कसोटी लागे.

इटारसी ते भोपाळ हा मार्ग १८८४ मध्ये पुरा झाला. भोपाळ संस्थानाने त्यासाठी पैसा घातला. गादीवर तेव्हा शाहजहान बेगम होत्या. नर्मदा ओलांडली की होशंगाबादच्या समोरच्या काठावर बुधनी लागते, लाकडी खेळण्यांचे गाव. तिथून विंध्याचा कडा सुरू होतो. मिडघाट, चोका अशी नावेच सांगणारी छोटी स्थानके मागे टाकत, रातापानीच्या जंगलातून वळसे घेत गाडी बरखेड्याला वर येते. पुढे ओबेदुल्लागंज, मंडीदीप आणि भोपाळ. याच वाटेवर १९५७ मध्ये भोपाळकडे निघालेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांना गाडीच्या खिडकीतून ओळखीच्या घडणीचे खडक दिसले, ते शोधत गेले आणि भीमबेटकाच्या चित्रगुहा जगापुढे आल्या. वाकणकरांची गाडी वाफेवर होती. अ‍ॅल्कोच्या धुरात काचा खाली ओढलेल्या असत्या तर, असा एक वात्रट विचार इथे मनात येऊन जातो.

मालगाडीला हा चढ एका इंजिनाच्या बळावर झेपत नसे, म्हणून बुधनीकडून चढताना मागे बँकर इंजिन लावायची रीत. पुढचे ओढते, मागचे ढकलते, मध्ये हजारो टन माल. आता दोन डिझेल इंजिने म्हणजे दोन टर्बो आणि दोन्हींचा दम वेगवेगळा. एखाद्याचा पंखा नुकताच दुरुस्त झालेला, दुसऱ्याच्या पात्यांवर काजळीचा थर. भोंग्यांच्या खुणेवर दोघांनी एकाच वेळी नॉच घेतला तरी जोर एकाच वेळी उमटेल याची खात्री नसे. पुढच्याला आधी दम आला तर जोडण्या ताणल्या जात, मागच्याला आधी आला तर डबे आत दाबले जात. पावसाळ्यात ओल्या रुळांवर वेगळेच संकट. हवा आली, ताकद एकदम वाढली आणि चाक जागच्या जागी फिरले की ड्रायव्हरला नॉच खाली आणावा लागे, चाकाखाली वाळू सोडावी लागे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती पुन्हा सुरुवात म्हणजे धुराचा आणखी एक लोळ.

भोपाळ शहराचे या कथेतले काम इथे सुरू होते.

१९५६ मध्ये सरकारने हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी काढली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे सहकार्य घेतले आणि भोपाळच्या पूर्वेला माळरानावर कारखाना उभारला. ६ नोव्हेंबर १९६० रोजी नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. पुढे तो भेलमध्ये विलीन झाला आणि भोपाळकर त्याला आजही नुसते ‘भेल’ म्हणतात. भोवती पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा अशा वसाहती वसल्या. देशभरातून माणसे आली, त्यांत मराठीही पुष्कळ. या वसाहतीतले बरखेडा आणि घाटावरचे बरखेडा स्थानक ही दोन वेगळी ठिकाणे. नवख्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. पण घोटाळ्यात गंमत आहे. एका बरखेड्याच्या शेजारी गुंडाळलेली यंत्रे दुसऱ्या बरखेड्याकडे गाड्या चढवत होती.

कारण डिझेल इंजिन चाके फिरवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते जनरेटर फिरवते. जनरेटरची वीज खालच्या सहा मोटारींना जाते आणि मोटारी चाके फिरवतात. म्हणजे प्रत्येक डिझेल इंजिन हे चाकांवरचे वीजघरच असते. सुरुवातीला ही विद्युत सामग्री बाहेरून यायची, मग भोपाळच्या भेलने ती बनवायला घेतली. टीजी १०९३१ हा जनरेटर आणि टीएम ४९०६ ही मोटार ही नावे डिझेल शेडमधल्या कोणत्याही वीजतंत्र्याला पाढ्यासारखी पाठ असत.

या रचनेमुळे एक सोय आपोआप झाली. मोटारगाडीत इंजिन आणि चाक दातेरी चाकांनी एकमेकांना बांधलेले असते. चढ आला की भार इंजिनाच्या मानगुटीवर बसलाच. रेल्वेच्या डिझेलवर किती भार टाकायचा हे ठरवता येते. जनरेटरच्या चुंबकीय क्षेत्राला वीज कमी दिली की तो हलका फिरतो, जास्त दिली की जड. तेव्हा ड्रायव्हरने नॉच वाढवला, इंजिनाला इंधन मिळाले, पण टर्बो अजून मागे आहे, अशा वेळी जनरेटरला सांगायचे की थोडा दम धर. हे सांगणारा निरोप्या म्हणजे गव्हर्नर. इंधन ठरलेल्या मर्यादेबाहेर मागावे लागते आहे असे दिसले की तो एक फिरता विद्युतरोध सरकवी, जनरेटरचे क्षेत्र क्षीण होई आणि इंजिनावरचे ओझे उतरे. शेडच्या भाषेत या रोधाला एलसीआर म्हणत, दुसऱ्या जातीच्या गव्हर्नरवर एलसीपी. टर्बोने वेग घेतला, हवा आली, की निरोप्या उलटा फिरे आणि भार हळूहळू पूर्ण बसे.

थोडक्यात, हवा लवकर आणता येत नव्हती, म्हणून काम उशिरा द्यायचे. मोटारीचा शौकीन याला लबाडी म्हणेल, कारण उशीर तसाच राहिला, फक्त धुराऐवजी भाराच्या रूपाने. पण तीन हजार टनांची मालगाडी उचलणाऱ्याला सेकंदाची घाई नसते. त्याला हवी असते ती धक्क्यावाचून, घसरण्यावाचून वाढणारी ओढ. इंजिन कमी काजळले, तेल वाचले, जोडण्या टिकल्या. या व्यवस्थेची मेख अशी की ती नीट लावलेली असेपर्यंतच चाले. रोधाचा सरकता हात घाणीने अडकला किंवा गव्हर्नरची जुळणी बिघडली की इंजिन पुन्हा मूळ स्वभावावर जाई आणि इटारसीच्या फलाटावरच्या प्रवाशाला त्याचा पुरावा मिळे.

जुळणीइतकेच महत्त्व टर्बोच्या प्रकृतीला होते. ती तपासायची पद्धत फार साधी आणि फार सुंदर आहे. इंजिन बंद करतात. सोळा दट्ट्यांचा गोंगाट थांबतो, शेडमध्ये एकदम शांतता पसरते आणि त्या शांततेत एकच आवाज उरतो: टर्बोचा दांडा स्वतःच्या गतीने अजून फिरत असतो. फिटर घड्याळाकडे पाहत तो ऐकतो. शीळ खाली खाली येते, कुजबुज होते, मग पात्यांचा एकेक फेरा वेगळा कळू लागतो आणि शेवटी एक हलकी टक होऊन सारे थांबते. याला रन-डाउन टेस्ट म्हणतात. अ‍ॅल्कोच्या टर्बोला दीड ते तीन मिनिटे लागली पाहिजेत. त्याआधीच थांबला तर बेअरिंग धरू लागले आहे किंवा पाती कुठे तरी घासत आहेत. आडकाठीने फिरणारा पंखा वेग घ्यायलाही उशीर लावणार, म्हणजे हीच परीक्षा अप्रत्यक्षपणे लॅगचीही. दुसरी खूण ड्रायव्हरच्या पुढ्यात असे: बूस्टर एअर प्रेशरचा काटा, बोलीत नुसते बीएपी. आठव्या नॉचला तो दीड किलोच्या आसपास यायला हवा. आला नाही, तर चिमणीकडे मान वळवून पाहायची गरज उरत नसे.

आणखी एक खोड होती. मोठ्या सायडिंगला इंजिन तासन्‌तास नुसते चालू ठेवले की न जळालेले तेल चिमणीत साचे आणि नंतर एकदम नॉच घेतल्यावर पेटे. रात्रीच्या वेळी चिमणीतून हातभर ज्वाळा निघताना पाहून फलाटावरची मुले खूश होत. शेडचा फोरमन होत नसे.

धुराचा प्रश्न खऱ्या अर्थाने हलला तो ताकद वाढवायची वेळ आली तेव्हा. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने आणि वाराणसीने मिळून २,६०० अश्वशक्तीचे इंजिन ३,१०० वर नेले, पुढे ३,३०० वर. जुन्या टर्बोला हे झेपणारे नव्हते. नेपिअरचा एनए-२९५, एबीबीचा व्हीटीसी-३०४ असे अधिक कार्यक्षम टर्बो आले. सारखेच इंधन जाळून जास्त हवा देणारे. एबीबी म्हणजे जिच्याबरोबर ब्यूखीने आपली कल्पना प्रत्यक्षात आणली त्या ब्राउन बोव्हेरीची वारसदार. स्वित्झर्लंडची फुंकणी अमेरिकेला वळसा घालून भारतात आली होती, ती आता सरळ वाटेने आली. त्यापाठोपाठ हैदराबादच्या मेधा कंपनीसारख्यांचे मायक्रोप्रोसेसर आले आणि एलसीआरचा सरकता हात इतिहासजमा होऊ लागला. हवेचा दाब, इंजिनाचे फेरे, जनरेटरचा प्रवाह हे सारे सतत मोजून भार किती चढवायचा हे आता एक पेटी ठरवू लागली. तत्त्व जुनेच, हात नवा.

१९९९ मध्ये एक वेगळेच बिऱ्हाड भारतात आले. जनरल मोटर्सच्या डब्ल्यूडीजी-४ या इंजिनात लॅगवर सरळ हल्ला केलेला होता, तोही वेगळ्याच गरजेपोटी. हे दोन-ठोकी इंजिन. त्याला हवा आत ओढण्याचा स्वतंत्र ठोका नसतो. बाहेरून कोणी हवा भरल्याशिवाय ते सुरूच होऊ शकत नाही आणि सुरू झाल्याशिवाय टर्बोला वायू कुठून मिळणार? म्हणून टर्बोचा दांडा दातेरी चाकांनी थेट इंजिनाला जोडला आणि मध्ये एक क्लच ठेवला. खालच्या नॉचला इंजिनच टर्बो फिरवते. वरच्या नॉचला वायूचा जोर इतका होतो की टर्बो इंजिनाला मागे टाकतो. तेव्हा क्लच आपोआप सुटतो आणि टर्बो स्वतंत्र होतो. लहान मुलाला सायकल शिकवताना बाप मागून धरतो आणि तोल सांभाळला की हात सोडतो, तसे. नॉच घेताच हवा हजर. अ‍ॅल्कोच्या आवाजावर वाढलेल्या रेल्वेवेड्यांना मात्र हे इंजिन फार दिवस अळणी वाटत राहिले.

रस्त्यावरच्या डिझेलांना जनरेटरची पळवाट नव्हती. ट्रकच्या इंधनपंपावर हवेचा दाब पाहून इंधन रोखणारी एक छोटी पडद्याची डबी असते. टर्बो उठेपर्यंत ती इंधनाला लगाम घालते. हायवेवरच्या मिस्त्रीकडे ‘पिकअप नाही’ म्हणून गाडी आली की तो सगळ्यात आधी याच लगामाचा स्क्रू फिरवतो. मालक खूश होऊन जातो आणि मागून येणारा दुचाकीस्वार तोंडाला रुमाल बांधतो. मोटारींना टर्बोतच सुधारणा करावी लागली. पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी बनणाऱ्या १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाची दोन रूपे महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी चालवली आहेत. एका रूपात टर्बोची पाती स्थिर, ताकद ७५ अश्वशक्ती. दुसऱ्यात वायूचा झोत वळवणारी पाती हलती, ताकद ९०. इंजिन मंद असताना ती पाती एकमेकांजवळ येतात, वाट अरुंद होते आणि थोडासा वायूही जोराने आदळतो; नळाच्या तोंडावर अंगठा धरून पाणी लांब उडवावे तसे. इंजिन वेगात आले की पाती उघडतात.

आणि गंमत पाहा, याच बुधनीत, घाटाच्या पायथ्याशी, १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टरची संस्था आहे. देशात विकायला येणाऱ्या ट्रॅक्टरांची ताकद, ओढ, तेलाची भूक आणि धूर इथे तपासून निघतो. एकीकडे डायनामोमीटरवर ट्रॅक्टरचे डिझेल मोजले जात होते आणि गावाच्या कडेने बँकर लावलेली मालगाडी दोन काळे खांब आभाळात रोवत वर जात होती. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, हवा किती आणि कधी. त्यांची आपसांत कधी ओळख झाली असेल असे वाटत नाही.

घाटातला प्रश्न अखेर विजेने निकालात काढला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तारा भोपाळला आल्या, पाठोपाठ नागपूर आणि भुसावळकडचे रस्तेही विजेवर गेले. विजेच्या इंजिनाला हवा लागत नाही. त्याची ताकद तारेत आधीच उभी असते, जशी कधी काळी बॉयलरमध्ये असे. बँकर घाटात राहिले, पण तेही विजेचे. तिसऱ्या मार्गिकेसाठी बरखेडा आणि बुधनीच्या दरम्यान पाच बोगदे खोदून चढ सौम्य केला गेला, तो बँकरचीही गरज उरू नये म्हणून. इटारसीच्या डिझेलांना मग जबलपूर-अलाहाबादच्या वाटेने आणखी काही वर्षे काम मिळाले. मुंबईहून प्रयागकडे जाणाऱ्या गाड्यांना इटारसीला डिझेल लागायचे, कधी जोडीने. २०२० पर्यंत त्या वाटेवरही तारा पूर्ण झाल्या. वाराणसीच्या कारखान्याने तर २०१८ मध्ये दोन जुन्या अ‍ॅल्को-कुळातल्या डिझेलांचे पोट रिकामे करून त्यांचे दहा हजार अश्वशक्तीचे एक विजेचे इंजिन बनवून दाखवले. पुढे कारखान्याच्या नावातलाही ‘डिझेल’ शब्द गेला.

अ‍ॅल्कोच्या वंशातली काही इंजिने आजही यार्डात शंटिंगला दिसतात, किंवा अपघात मदत गाडीच्या पुढे हुकमाची वाट पाहत उभी असतात. शंटिंगवाला हिरवा झेंडा हलवतो, ड्रायव्हर पहिला नॉच घेतो. चिमणीवर काळा ढेकर उमटतो. वाघिणी अजून जागच्या हललेल्या नसतात. ड्रायव्हर दुसऱ्या नॉचची घाई करत नाही, खिडकीतून मान बाहेर काढून धूर फिका व्हायची वाट पाहतो आणि मगच हात पुढे नेतो.